औषध घेतलेली पोट्टी

आमच्या नात्यागोत्यात कुणाचं लग्न असलं आणि मंडपात एखादी नवी सून माझ्या पाया पडायला वाकली, की मागून कुणीतरी हमखास तिला सांगतं, “ही मंजू. तीच ती, औषध घेतलेली पोट्टी.” सून बिचारी दचकते. माझे दंड बघते, मान बघते, माझ्या ताटातल्या जिलब्या बघते. औषध घेऊनही ही बाई एवढी धडधाकट कशी, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. पंगतीत बसून सगळं सांगायला वेळ नसतो, आणि सांगायला गेलं तर काका मधेच तोंड घालून आपलीच गोष्ट सांगतात. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं. वयानं मी काही फार म्हातारी नाही, पण कुस्ती खेळलेल्या बाईचे गुडघे तिच्या आधी म्हातारे होतात, आणि आठवणी लिहायला तेवढं म्हातारपण पुरतं. आत्ताही आई पलीकडच्या खोलीतून ओरडून विचारते आहे, “काय लिहून राहिली वं? माह्याबद्दल काही लिहिजो नको!” म्हणजे तिच्याबद्दल लिहिणं आलंच.

बाबा सिंचन खात्यात होते. अमरावतीकडचं घर सोडून नोकरीनं रायपूरला आले आणि चौबे कॉलनीत भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही राहायला लागलो. खाली तिवारी आंटी, समोर एक किराणा दुकान, आणि रोज सकाळी भाजीचा ठेला. आमच्या घरात बोली उंबरठ्यावर बदलायची. उंबरठ्याच्या आत सगळं मले-तुले, काहून आणि कायले. बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. आई ठेल्यावाल्याला वरून हाक मारायची, “भैया, धनिया ताजा है क्या?” आणि तीच जुडी घेऊन जिना चढून आली की मला म्हणायची, “हा सांबार निवडून ठेव.” नव्या माणसाला वाटायचं, हिनं जिन्यातच जुडी बदलली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. पुण्या-मुंबईकडची मंडळी या शब्दावर हसतात, हसू देत. मद्रासी सांबार आम्हाला फार उशिरा भेटलं, आणि तोवर नाव देऊन झालेलं होतं.

मी कुस्तीत गेले ती कुणाच्या प्रेरणेनं वगैरे नाही. शाळेत एका पोट्ट्यानं माझी वेणी ओढली, मी त्याला उचलून नळाखालच्या डबक्यात टाकलं, आणि हे आमच्या खेळाच्या मास्तरांनी पाहिलं. त्यांनी मला रागवायचं सोडून साहू सरांकडे पाठवलं. साहू सर म्हणजे कधीकाळचे पहिलवान, आता पोट सुटलेले, आवाज मात्र अजून आखाड्यातला. भनपुरीत ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे एका पत्र्याच्या हॉलमध्ये त्यांनी मॅट टाकली होती. दिवसभर बाहेर ट्रक मागे घेतले जायचे आणि त्यांची ती किरकिरी धून वाजायची. आजही कुठे ट्रक मागे येताना ऐकला की माझी मान आपोआप आत जाते आणि हात पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय ओढायला, पुढे होतात. बाबा मला स्कूटरवर सोडायचे आणि हॉलच्या दारात उभं राहून पेपर वाचायचे. मला कुणी आपटलं की पेपर जरा वर जायचा. मी कुणाला आपटलं की पेपर खाली यायचा. बोलायचे काही नाहीत. साहू सर मला ‘नोनी’ म्हणायचे. छत्तीसगडीत लेकीला तसं म्हणतात. “नोनी, डर झन,” हे त्यांचं एकच सूत्र होतं. भिऊ नको. बाकी डावपेच वगैरे सगळं त्याच्यानंतर.

आईचं कुस्तीशी वैर नव्हतं, पण वजनकाट्याशी होतं. स्पर्धा आली की गटात बसायला मला वजन उतरवावं लागायचं. मग पोळी बंद, भात बंद, शेवटी पाणीसुद्धा मोजून. आईच्या लेखी घरात पोर उपाशी आणि आपण जेवतो, यासारखं पाप नाही. ती ताट वाढून माझ्यासमोर आणून ठेवायची आणि मी नाही म्हटलं की तिथंच बसून म्हणायची, “खाऊ नको. नुसतं पाहून तं घे.” हा तिचा डाव मोठमोठ्या पहिलवानांना जमला नसता. त्या वर्षी थंडीत राष्ट्रीय स्पर्धा उत्तरेकडच्या एका शहरात होती. जायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातून मिक्सरचा, मग कढईचा आवाज आणि असा वास यायला लागला की मी गच्चीवर पळून गेले. आई सांबारवडी करत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: भरपूर सांबार बारीक चिरायचा, त्यात खोबरं, तीळ, चारोळी, मसाला आणि भाजलेली खसखस घालायची, हे सारण बेसनाच्या पारीत पुड्यासारखं गुंडाळायचं आणि तळायचं. सोबत कढी. थंडीत आमच्याकडे ही वडी झाली नाही तर थंडी पडली असं कुणी मानत नाही. आईनं त्या दिवशी खसखस दुप्पट घातली. का, तर आमच्या आत्याचं म्हणणं होतं की खसखशीनं अंगात ताकत येते आणि झोप चांगली लागते. डबा माझ्या बॅगेत ठेवताना आई म्हणाली, “काटा झाला का मंग खाय. त्याच्या आधी हात लावशीन तं पाह्य.” तेव्हा वजन कुस्तीच्या आदल्या संध्याकाळी व्हायचं. काट्यावरून उतरले आणि डबा उघडला. सोबतच्या पोरींना एकेक दिली, बाकी सगळ्या मी. उरल्यासुरल्या सकाळी.

आणि जिंकले. हे मी फार साधेपणानं लिहून टाकलं, पण त्या दिवशी काही साधं नव्हतं. फायनलला हरियाणाची सुदेश होती. उंच, शांत, आणि हाताची पकड अशी की सुटल्यावरसुद्धा मनगटाला वाटायचं अजून धरलंय. ती पुढे होती. शेवटच्या क्षणाला मी पट काढला आणि ती खाली आली. साहू सर मॅटच्या कडेला चक्क नाचले, ते दृश्य पाहून पंचांनी तोंड फिरवलं. गळ्यात मेडल पडायच्या आत एक बाई येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “आप मेरे साथ रहेंगी.” मला वाटलं सत्कार वगैरे असेल. ती मला लघवीच्या तपासणीला न्यायला आली होती.

आता माझं वळण असं, की आमच्या घरात ‘जाऊन येते’ एवढंच म्हणायची पद्धत. कुठे, ते ज्याचं त्यानं समजायचं. आणि इथे ती बाई दार उघडं ठेवून समोर उभी, आणि बघणं हे तिचं कामच. मी म्हटलं, “दीदी, आप उधर देखो ना.” ती म्हणाली, “उधर देखूँगी तो मेरी नौकरी जायेगी.” बाटल्यांवर बाटल्या पाणी पिऊन झालं, नळ सोडून झाला, देवाचं नाव घेऊन झालं, तेव्हा कुठे काम झालं. मी सुटल्याच्या आनंदात मेडल तिथेच खुर्चीवर विसरून आले. तिनंच मागे पळत आणून दिलं. पुढे जे झालं ते पाहता तिनं ते ठेवून घेतलं असतं तरी चाललं असतं, असं बाबा नंतर म्हणाले.

काही आठवड्यांनी दिल्लीहून कळवण्यात आलं की माझ्या नमुन्यात मॉर्फिन सापडलं आहे, मर्यादेपेक्षा जास्त, आणि निकाल लागेपर्यंत मी खेळायचं नाही. त्यानंतर लगेच राष्ट्रीय शिबिर होतं. त्यात माझं नाव होतं. ते गेलं. बाबांनी तो मजकूर तीनदा वाचला आणि म्हणाले, “मॉर्फिन म्हंजे तं अफू.” आई म्हणाली, “आपल्या घरी अफू कुठून आली बाप्पा? आपल्या घरी तं कोनी सुपारी खात नाई.” मी लढून जिंकले होते, मला माहीत होतं. पण कागदावर आपल्याबद्दल असं लिहून आलं की माणूस रात्रीपुरता तरी स्वतःवर संशय घेतो. भनपुरीच्या हॉलमधल्या पोरी माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त चांगलं वागायला लागल्या आणि त्याचा मला जास्त राग आला.

त्या गोंधळात बाबांनी अमरावतीला मोठ्या काकांना फोन लावला. बाबांना सांगायचं होतं, “मंजूनं औषध घेतलं, असं ते दिल्लीवाले म्हनून राहिले, पन तसं काही नाई.” नेटवर्क आमच्या जिन्यात एका विशिष्ट पायरीवरच यायचं, आणि बोलता बोलता बाबा पायरी उतरले. काकांपर्यंत पोचलं ते एवढंच: मंजूनं औषध घेतलं. आता वऱ्हाडात ‘औषध घेतलं’ याचा अर्थ खोकल्याचं घेतलं असा होत नाही. फवारणीचं घेतलं, असाच होतो. त्या दोन शब्दांनी आमच्याकडच्या किती घरांत आकांत झाला असेल, म्हणून यात हसण्यासारखं खरं तर काही नाही. पण काय करणार, दुसऱ्या दिवशी सकाळी काका, काकू आणि आत्या रडत रडत आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मी गॅलरीत बसून मीठ-तिखट लावून बिही खात होते. बिही म्हणजे पेरू. इथे राहून शिकलेला शब्द.

आत्यानं खालूनच हंबरडा फोडला होता, “माह्या सोन्यासारख्या पोट्टीनं असं काहून केलं वो माय!” तिवारी आंटी पदर तोंडाला लावून तिच्यामागे जिना चढत होत्या. त्यांना काय झालं ते माहीत नव्हतं, पण रडायला सुरुवात झालेली होती. आत्या वर आली, मला पाहिलं, माझ्या हातातला पेरू पाहिला. मला छातीशी घट्ट धरलं, आणि मग सोडून एक अशी सणसणीत थापड दिली की कुस्तीत मला कुणी तशी दिली नव्हती. “जित्ती हाये वो!” ती जिन्याकडे तोंड करून ओरडली. काका खुर्चीत बसले, पाणी प्याले आणि भानावर आल्यावर भयंकर चिडले. “जित्ती हाये तं फोन कायले केला?” बाबांनी समजावून सांगितलं. काकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “म्हंजे घेतलं तं खरं न?” त्या दिवसापासून काकांच्या मनात ते औषध जे बसलं आहे, ते आजतागायत निघालेलं नाही.

पण आत्या आली म्हणूनच गाठ सुटली. संध्याकाळी बाबा मला शंकर नगरात एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, देशपांडे त्यांचं नाव, आणि आत्या सोबत निघालीच. डॉक्टरांनी गोळ्या, खोकल्याचं औषध, वेदनेचं इंजेक्शन, सगळं विचारलं. मी सगळ्याला नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, “खाण्यात काय होतं?” मी म्हटलं, सांबारवडी. आत्या अभिमानानं म्हणाली, “डबल खसखस घातलेली. मीच सांगतलं होतं.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या मूळच्या नागपूरच्या, त्यांना वडीही ठाऊक होती आणि खसखसही. त्या म्हणाल्या, “अहो, अफूच्या बोंडातच तर खसखस असते. नशा काही होत नाही, पण भरपूर खाल्ली तर तपासणीत येऊ शकतं.” आत्यानं पहिल्यांदा आयुष्यात तोंड मिटलं. घरी येऊन आईला सांगितलं, तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिनं हातातली पोळी पूर्ण केली, तव्यावर टाकली, भाजली, आणि मग गॅस बंद करून म्हणाली, “म्हंजे मीच पोरीले अफू चारली.” मी म्हटलं, आई, तसं नसतं. ती म्हणाली, “कसं असते मंग?” मला शिबिर गेल्याचं जेवढं दुःख होतं, त्याहून आईचा तो चेहरा जास्त लागला, हे इथे सांगून टाकते. ती हे वाचून ओरडणार नाही, चष्मा लागल्यापासून ती माझं अक्षर वाचत नाही.

दिल्लीला खुलासा पाठवायचा होता. बाबा म्हणजे खात्यात मसुदे लिहिण्यात पटाईत, साहेब लोकसुद्धा त्यांच्याकडून इंग्रजी लिहून घ्यायचे. दोन संध्याकाळी बसून त्यांनी खुलासा तयार केला. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं की माझ्या मुलीनं वजनानंतर घरी केलेली ‘सांबार वडी’ खाल्ली, आणि त्यात खसखस होती. मी म्हटलं, “बाबा, सांबार म्हंजे काय ते लिहा न.” बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. “नावाचं भाषांतर करत नसते, बेटा. उद्या तुझ्या नावाचंही करशीन.” पुढे मी वाद घातला नाही. खात्यातल्या माणसाशी मसुद्यावरून वाद घालणं म्हणजे सुदेशची पकड सोडवण्यापेक्षा कठीण.

सुनावणीला बाबा, आई, साहू सर आणि मी गेलो. आईचं काम नव्हतं, पण ती म्हणाली, “चारली मी, अन् जासान तुम्ही?” एका मोठ्या टेबलामागे तिघं बसले होते. मधे वकील होते, एका बाजूला डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला एक जुन्या खेळाडू बाई. डॉक्टर पंजाबीपैकी असावेत, चेहरा हसरा, पण समोरचा कागद पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणाले, “देखिये, सांबार-वडा मैं भी हर इतवार खाता हूँ. सांबार में खसखस होती नहीं. ये जो आपने लिखा है, ये समझ में नहीं आता.” मधले वकील मान हलवायला लागले. खोटारडी ठरणार होते मी, आणि तेही इडली-सांबारावरून! बाबा उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “सर, सांबार मतलब सांबार नहीं!” “तो सांबार मतलब क्या?” डॉक्टरांनी विचारलं. बाबा म्हणाले, “सांबार मतलब… सांबार!” मसुदेवाल्या माझ्या बापाला त्या क्षणी हिंदीतला तो एक शब्द सापडेना. साहू सर माझ्याकडे बघत होते, मी आईकडे.

रोज सकाळी ठेल्यावर जो शब्द आई ओरडायची, तो तिलाही आठवेना. तिच्या डोक्यात ते घरातलं होतं आणि घरातल्याला घरातलंच नाव होतं. ती हातांनी पानं तोडून दाखवायला लागली, नाकाशी नेऊन वास घेऊन दाखवायला लागली. वकिलांना वाटलं ती रडते आहे, त्यांनी पाणी पुढे केलं. मग आई एकदम खुर्चीतून उठली. “वो साहब, वो! जो सब्जी के साथ फोकट में देते! नहीं दिया तो हम झगडा करते! वो हरा हरा!” खेळाडू बाई पहिल्यांदा हसल्या. “धनिया?” “हव! धनिया!” आई आणि साहू सर दोघंही एकदम ओरडले. ‘हव’ म्हणजे छत्तीसगडीत हो. आमच्या तीनही भाषा त्या दिवशी त्या टेबलावर आल्या, पण उपयोगी पडली फुकटची कोथिंबीर.

त्यानंतर आईनं जे सांगितलं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. वडी कशी करतात, किती खसखस घालतात, आणि यावेळी किती घातली. वकिलांनी विचारलं, “आपने दुगुनी क्यों डाली?” आई म्हणाली, “साहब, बच्ची वजन के वास्ते भूखी थी. दो दिन पानी भी नहीं पी रही थी बराबर. तो मेरे हाथ से ज्यादा गिर गया.” डॉक्टर कागदांकडे वळले, बराच वेळ आकडे पाहत राहिले, आणि म्हणाले की तपासणीत जे काही दिसतं ते खसखस खाल्ल्याशी जुळतं आहे. मग त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. परत बोलावलं तेव्हा वकिलांनी निकाल सांगितला. मी मुद्दाम काही केलेलं नाही, हे त्यांना मान्य होतं. त्या दिवसापासून मी खेळायला मोकळी होते. पण त्या स्पर्धेतलं मेडल मात्र परत जाणार, कारण अंगात जे सापडलं ते माझ्या अंगात सापडलं, ते कुणी कशासाठी घातलं हा पुढचा प्रश्न. मेडल सुदेशला मिळणार होतं.

परतीच्या गाडीत बाबा छत्तीसगड येईपर्यंत चिडलेले होते. “मान्य करता, चूक नाई म्हनता, अन् मेडल घेता? हा कोन्या गावचा न्याय?” आणि आम्ही सगळ्यांनीच त्या पोरींची नावं घेतली ज्या खरंच औषध घेतात हे सगळ्या हॉलना माहीत होतं. एक होती, तिच्या ओठांवर माझ्या काकांपेक्षा दाट लव होती. तपासणीवाले येणार कळलं की तिच्या पोटात दुखायचं आणि ती स्पर्धा सोडून घरी जायची. जे नेमकं कधी काय बंद करायचं ते जाणून घेतात, त्यांची बाटली कायम स्वच्छ. वडी खाणारी सापडली. बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. साहू सर खिडकीतून बाहेर बघत होते. ते म्हणाले, “भाई साहब, पर कल से सब बोलेंगे, अम्मा ने खिलाया. अम्मा तो सबकी है.” मी तेव्हा बाबांच्या बाजूनं होते. आज त्याच हॉलमध्ये पोरी शिकवते आणि कुणाची बाटली कुणी प्यायचं नाही, जिममधल्या भैयानं दिलेली पुडी उघडायची नाही, म्हणून दिवसभर ओरडते, तेव्हा साहू सरांच्या बाजूनं असते. घरी येऊन जेवायला बसले की परत बाबांच्या. या दोन बाजूंच्या मधे कुठे बसायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

आईनं त्यानंतर वडी करणं सोडलं. खसखशीची बरणी धुऊन तिच्यात लवंगा भरल्या. एवढंच असतं तर चाललं असतं, पण ती घरातसुद्धा ‘धनिया’ म्हणायला लागली. “मंजू, धनिया निवड.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं खाली तिवारी आंटींशी बोलते आहे. आपल्या शब्दानं पोरीचा घात होता होता राहिला, असं तिनं मनाशी धरलं होतं. मी चिडवून पाहिलं, बाबांनी चिडवून पाहिलं, आत्यानं फोनवर शिव्या देऊन पाहिल्या. सगळी थंडी गेली. त्या वर्षी आमच्या घरात थंडी पडली नाही, असंच म्हणायला हवं.

पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेला आई हट्टानं सोबत आली. मला वाटलं लक्ष ठेवायला येते आहे. फायनलला परत सुदेश. यावेळी मी सगळं केलं जे मला येत होतं, आणि तिनं तेवढंच, जरा जास्त. तिनं मला चीत केलं. तक्रारीला जागा नव्हती. मॅटवरून उतरलो आणि दोघींच्या शेजारी दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. तपासणीच्या खोलीत आम्ही शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसून पाणी पीत राहिलो. दोघींनाही होत नव्हती. बराच वेळ गेल्यावर सुदेश समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, “वो पिछला वाला मेडल घर में पडा है. टांगा नहीं मैंने.” मी चटकन मराठीतच विचारलं, “काहून?” तिला शब्द कळला नसेल, पण विचारणं कळलं. “जीती कहाँ थी मैं,” ती म्हणाली. “आज वाला टांगूँगी.” माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. नाराजी, असूया, आणि ती मला फार आवडली, हे सगळं एकत्र. आणि आश्चर्य म्हणजे डोळ्यांत पाणी आल्याबरोबर दुसरीकडचंही काम झालं. मी उठून आत पळाले. माझ्यामागे ती बाई पळाली.

बाहेर पायरीवर आई बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा, त्यावर दोन्ही हात. आम्ही दोघी बाहेर आलो तशी ती उठली, पण माझ्याकडे आली नाही. आमच्या मागून बाहेर आलेल्या तपासणीवाल्या बाईकडे गेली आणि सगळ्या पोरींसमोर, सगळ्या पंचांसमोर, मोठ्यानं विचारलं, “मॅडम, इसकी हो गयी? पूरी?” ती म्हणाली, “हो गयी, माताजी.” “बोतल बंद कर दी? सील लगाया?” “लगाया.” “और इसकी?” आईनं सुदेशकडे बोट दाखवलं. “उसकी भी.” मग आईनं डबा उघडला. वास आला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. तिनं पहिली वडी सुदेशच्या हातावर ठेवली. सुदेशनं ती उलटसुलट करून पाहिली आणि सावधपणे विचारलं, “आंटी, इसमें वो है?” आई म्हणाली, “है. डबल है.” सुदेशनं माझ्याकडे पाहिलं, हसली आणि अख्खी तोंडात टाकली. चावता चावता तिचे डोळे मोठे झाले. “इसको बोलते क्या हैं?”

आई थांबली. तपासणीच्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“सांबारवडी,” आई म्हणाली. “सांबार मतलब धनिया.”

“तो धनिया क्यों नहीं बोलते?” सुदेश तोंड भरलेलं असताना म्हणाली.

“काहून बोलू?” आई म्हणाली. “हमारे घर में सांबारच म्हणते.” आणि तिनं सुदेशच्या हातावर आणखी एक ठेवली.